त्यायचं ताट

आमच्या घरात ताटं नेहमी पालथी ठेवलेली असत. भनपुरीत राहिलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. उरल्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की काळी बारीक धूळ ओट्यावर, गादीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसे. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या काचेवर दुपारी बोटाने नाव लिहिता येई. म्हणून ताटं पालथी, पेले पालथे, माठावर ताटली आणि ताटलीवर फडकं. वाढायच्या आधी आई ताट सुलटं करायची आणि तरीही पदराने एकदा पुसायचीच. बाहेर रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न, आत पोळपाटावर भाकर थापल्याचा आवाज, हे माझं लहानपण. आजूबाजूचे सगळे छत्तीसगढी, भात खाणारे आणि आम्ही मात्र वर्ध्याकडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती ज्वारीचं पोतं मागवणारे. बाबांना भाताने पोट भरल्यासारखं वाटतच नसे. भात खाल्ला की ते म्हणायचे, "आता जेवाले वाढ."

बाबा उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होते. पहिल्या पाळीचा भोंगा दोनला वाजला की आई तवा चढवायची आणि अडीचच्या सुमाराला त्यांची सायकल दाराशी लागायची. मोरीत त्यांनी हातपाय धुतले की पाणी काळं वाहायचं. मग ठिणग्यांनी भोकं पडलेल्या बनियनवर ते भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून बसायचे आणि न बोलता जेवायचे. चार-पाच भाकरी, झुणका किंवा वांग्याची भाजी, वर कांदा. शेवटच्या तुकड्याने ताट असं पुसून घ्यायचे की घासायला टाकलं काय आणि नाही काय, सारखंच. त्यांचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, भट्टीपुढे आठ तास उभा राहिलेला माणूस आणखी कसा जेवणार? ते उठले की आई त्यांच्या हातावर पाणी घालायची, आणि मग त्याच ताटापुढे, जरा तिरकी, डोक्यावरचा पदर सावरून बसायची. त्याच ताटात टोपल्यात उरलेली भाकर नि असला तर रस्सा घेऊन जेवायची. रोज. बाबांची पाळी कोणतीही असो, ते आल्याशिवाय आणि जेवून उठल्याशिवाय तिने तोंडात घास घातलेला मी पाहिला नाही.

चौदा वर्षांची होईपर्यंत मला यात काही दिसलंच नाही. मग एकदा शाळेतल्या मैत्रिणीकडे जेवायला गेले, तिथे तिची आई सगळ्यांबरोबर स्वतःच्या ताटात जेवत होती आणि हसत होती. घरी आल्या आल्या मी विचारलं, "आई, तू त्यायच्या उष्ट्यात काहून जेवतं?" आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक ताट कमी घासा लागते." मी म्हटलं, ते एक ताट मी घाशीन. ती हसली. मी मात्र खरंच घासायला लागले. बाबा उठले रे उठले की मी ताट उचलून मोरीत न्यायची आणि राखेने घासून टाकायची. सहा दिवस आई काही बोलली नाही. ती स्वयंपाकघरात कशात जेवते ते मी पाहायला गेलेच नाही, माझं काम झालं होतं. सातव्या दिवशी मी ताटाला हात लावला तेव्हा तिने माझ्या गालावर अशी लगावली की कानात शिट्टी वाजली. तिने मला मारल्याची ती आयुष्यातली एकच वेळ. मी त्या दिवशी मनात ठरवलं की हे ताट एक दिवस मी या घरातून घालवीन. मी हट्टी होते आणि अजूनही आहे, हे या पुस्तकात एव्हाना कळलंच असेल.

बाबा गेले, तेराव्याचे पाहुणे पांगले, आणि मी ते ताट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, जुन्या रजयांच्या मागे ढकलून दिलं. गोलबाजारातून एक नवं कोरं स्टीलचं ताट आणलं आणि दुकानदाराकडून त्यावर मशीनने नाव घालून घेतलं, शांताबाई. आईच्या नावाचं आमच्या घरातलं ते पहिलं भांडं. माझा ऊर भरून आला होता. आईने ते उलटंसुलटं करून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली आणि पिठाच्या डब्यावर झाकायला घेतलं. पुढे माझ्या धाकाने त्यात जेवायला लागली, पण पाहुण्यांकडे जेवावं तशी, थोडं थोडं, अवघडून.

दुसऱ्या वर्षी छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं शहर राजधानी झालं. एका दिवसात झालं म्हणतात, पण आम्हाला ते महिनोन्‌महिने होताना दिसत होतं. शंकर नगरात लोकांनी घरं रिकामी करून ऑफिसांना भाड्याने दिली, जुन्या पाट्यांवर नवे रंग चढले, आणि जो तो राजधानी हा शब्द असा उच्चारायचा की जणू त्याच्याच घरी बारसं आहे. मला अशाच एका नव्या ऑफिसात कच्ची का होईना, कारकुनाची नोकरी लागली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. भोपाळहून फायली गाठोड्यांत बांधून आल्या होत्या आणि खुर्च्या अजून आल्या नव्हत्या, त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही त्या गाठोड्यांवरच बसून काम केलं. कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मला ते फार आवडायचं. आमच्या घराण्यातली सरकारी शिक्का हातात धरणारी मी पहिली बाई, आणि नेमकं तेव्हाच आईने जेवण सोडलं.

विसरायला तिने आधीच सुरुवात केली होती. मीठ दोनदा, गॅस चालू, पदराला बांधलेली किल्ली घरभर शोधणं, हे आम्ही म्हातारपण म्हणून हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी दोनच्या भोंग्याला ती उठली, कणगीतून काढल्यासारखं भराभर पीठ काढलं आणि चार भाकरी थापून दाराशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? "येऊन राहिले असतील," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की बाबा गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून असा हंबरडा फोडला की शेजारच्या काकू धावत आल्या. त्या दिवशी ती जेवली नाही, सुतकात कसं जेवायचं? दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पुन्हा भाकरी, पुन्हा दार. पुन्हा मी खरं सांगितलं आणि तिच्यासाठी बाबा पुन्हा त्याच दिवशी गेले. मी तिला आठवडाभरात चार वेळा विधवा केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मग माझ्या भावाने, सुरेशभाऊने, शहाणपणा केला. तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, लोकांची गाडी कुठे अडकली याची कारणं सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो आईला म्हणाला, "आई, बाबाले डबल ड्युटी लागली. तू जेवून घे." आई शांत झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण डबल ड्युटी लागलेल्या माणसाची बायको डबल ड्युटी संपेपर्यंत जेवत नसते, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. आई रात्रीपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी लबाडी सुधारली. म्हटलं, ते आले, जेवले आणि झोपले. आईने चटकन विचारलं, "मंग त्यायचं ताट कुठं हाये?"

"घासून टाकलं," मी म्हटलं.

"घासून टाकलं?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला. "मंग मी कशात जेवू व?"

मी तिच्या नावाचं ताट पुढे सरकवलं. गरम भाकर, वर तूप, वांग्याची भाजी, वाटीत वरण. तिने बोट फिरवत नाव वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली होती, वाचणं अजून शाबूत होतं. मग ताट माझ्याकडे लोटून म्हणाली, "हे शांताबाईचं हाये. तिले वाढ बिचारीले, उपाशी असंन." सगळं आयुष्य तिला कोणी बेबीची, म्हणजे माझी, आई म्हटलं, कोणी सुरेशची माय, कोणी वहिनी. तिचं नाव घेऊन तिला हाक मारणारं घरात कोणी नव्हतंच. ती स्वतःला ओळखणार तरी कशी?

हे असं तीन-चार महिने चाललं. मला खोटं लिहायचं नाही, मी त्या दिवसांत प्रेमाने वगैरे काही केलं नाही. मी धुमसत होते. सकाळी सातला मी आईपुढे घास घेऊन बसायची, साडेनऊला ऑफिसचा टेम्पो गाठायची, आणि मधल्या अडीच तासांत तिच्या पोटात तीन चमचे गेलेले असायचे. ती घास गालात धरून ठेवायची. अर्ध्या तासाने बघावं तर तसाच. दुधाचा पेला दिला तर तुळशीला ओतून यायची. भाकरीचा तुकडा पदराच्या गाठीत बांधायची आणि मुंग्या लागल्या की आम्हाला कळायचं. वर काकू आल्या की त्यांना सांगायची, "हे पोट्टी मले जेवाले देत नाही." काकू चांगल्या होत्या, पण मला नजरेने तोलायच्या. भेटायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला टाकून जायचा. प्रेमाने भरव, गोष्टी सांगून भरव, देवाला नैवेद्य दाखवून भरव. भाऊ बाजेवर बसून म्हणायचा, "बेबी, थोडं गोडीनं घे न." मी म्हटलं, मी ऑफिसात जाते, तू गोडीनं घे. त्याने एक दिवस घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या गाड्या रोजच अडकायला लागल्या.

हल्ली माझी भाची मला फोनवर या आजाराबद्दल काय काय पाठवत असते. शांत जागा, एका वेळी एकच पदार्थ, घाई नको, सवयीच्या वस्तू, सवयीच्या वेळा. मी ते वाचते आणि पंचवीस वर्षं उशिरा मला राग येतो. सवयीच्या वस्तू. ती रोज ओरडून सांगत होती तिच्या सवयीची वस्तू कोणती, आणि मी ती माळ्यावर रजयांमागे दडवून बसले होते. कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

माझ्या वहिनीला ते पहिल्या महिन्यातच कळलं. पूर्णिमा, छत्तीसगढी घरची, भाऊने आपल्या पसंतीने आणलेली. तिला मराठी समजायचं पण बोलायची हिंदीत, आणि मधेच आपल्या बोलीत घसरायची. दिवसभर आईपाशी तीच असे, भाताची पेज वाटीवाटीने पाजायचा प्रयत्न करी. एकदा ती मला मोरीजवळ गाठून हळूच म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना. एक बार बाबूजी की थाली उतारो ना. थोड़ा जूठा करके रख देंगे. मांजी खा लेंगी."

मी अशी भडकले की ती दोन पावलं मागे सरली. म्हटलं, माझ्या आईने चाळीस वर्षं उष्टं खाल्लं ते पुरे झालं. आता तिची बुद्धी गेली म्हणून तिला पुन्हा कोणाचं उष्टं चारू? ते ताट खाली येणार नाही. पूर्णिमाने मान डोलावली. "हव," म्हणाली, म्हणजे बरं, आणि पेज ढवळायला गेली. तिच्या त्या 'हव'चा मला दिवसभर राग येत राहिला, कारण त्यात ती हरलेली नव्हती.

मग आईच्या ब्लाउजचे हात लोंबायला लागले. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. शंकर नगरच्या एका डॉक्टरांकडे तिला नेलं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, एकेचाळीस किलोची बाई चौतीसवर आली होती. डॉक्टर सज्जन होते, घाई करत नव्हते. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, मऊ, डाळ, अंडं, दूध, तूप, दही, जबरदस्ती करायची नाही. कागदात सगळं होतं. बाई कोणाच्या आधी जेवत नाही एवढंच नव्हतं, आणि ते त्यांना सांगणार कोण, मीच ना? मग ते म्हणाले, "एक महीना देखते हैं. वज़न और गिरा तो नाक से नली डालनी पड़ेगी." बाहेर येताना आम्ही दवाखान्यातल्या एका खोलीवरून गेलो. तिथे एक म्हातारी होती, नाकात नळी, आणि नळी उपटू नये म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले. ती बोटं हलवत होती, काहीतरी थापावं तशी. आईने तिच्याकडे बघून मला विचारलं, "हिले काहून बांधलं व?" जे हात मी जन्मभर भाकरी थापताना पाहिले ते हात मला बांधलेले दिसायला लागले. महिनाभराची मुदत होती.

त्या महिन्यातले बारा दिवस मी डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे वागले. दर दोन-तीन तासांनी एक ताट. आई दर दोन-तीन तासांनी विचारणार, त्यायचं ताट कुठं हाये, आणि मी दर दोन-तीन तासांनी म्हणणार, घासून टाकलं. ऑफिसातून रजा घेऊन घेऊन साहेबांचा चेहरा बदलला होता. तेराव्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून शिरा झाला, दहीभात झाला, वरणात कुस्करलेली पोळी झाली, उकडलेलं अंडं झालं. एकेक ताट आईने दोन बोटांनी लोटलं आणि माशा बसू नयेत म्हणून प्रत्येक ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं. दोनचा भोंगा झाला तेव्हा मी शेवटची म्हणून ज्वारीची भाकर आणि झुणका केला, तिच्यासमोर बसले, आणि तिची हनुवटी धरून घास तोंडात घातला. जबरदस्ती. तिने तो माझ्या अंगावर थुंकला.

मी म्हटलं, "मर मंग उपाशी."

हे वाक्य मी लिहायचं की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण ते मी बोलले होते, मोठ्याने, आणि पूर्णिमाने ते ऐकलं होतं. आईने मात्र ऐकल्यासारखं केलं नाही. ती दाराकडे बघत होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. सकाळपासून माझ्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि भूक लागली की माझा राग दुप्पट होतो. घरातलं एकही ताट रिकामं नव्हतं, सगळी आईच्या नकारात अडकलेली. घासायची ताकद नव्हती. मी स्टुलावर चढले, रजया बाजूला ओढल्या, वर्तमानपत्र फाडलं आणि बाबांचं ताट काढलं. काय मनात होतं? काही नव्हतं. जेवायचं होतं. बाहेरच्या खोलीत आईची बाज एका बाजूला, आणि बसायला जागा उरली होती ती भिंतीपाशी, दाराकडे तोंड करून. तिथे मी बसले. तीन भाकरी, झुणका, कांदा, वर पूर्णिमाने न विचारता वाढलेली मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी. मी कोणाशी न बोलता, खाली मान घालून, बकाबका खात सुटले. दीड भाकर खाल्ल्यावर रडू फुटलं. पुढे घास उतरेना. मी ताट तसंच टाकून मोरीत तोंड धुवायला गेले.

परत आले तेव्हा आई त्या ताटापुढे बसलेली होती. जरा तिरकी. डोक्यावर पदर. ती माझी अर्धी भाकर मोडून झुणक्याला लावत होती, चावत होती, गिळत होती. गालात काही धरलेलं नव्हतं. मी चोखून टाकलेली मुनग्याची शेंग बाजूला सारून तिने चांगली शेंग उचलली आणि दातांनी सोलली.

माझं पहिलं मन सांगू का? मला आनंद झाला नाही. मला चौदा वर्षांची असताना आला होता तसाच राग आला. मी पुढे झाले, म्हटलं, "आई, ऊठ तिथून. ते उष्टं आहे." माझा हात ताटाला लागणार तेवढ्यात पूर्णिमाने माझं मनगट धरलं. ती मुलगी एरवी माझ्यापुढे आवाज चढवायची नाही. तेव्हाही चढवला नाही. "खावन दे, दीदी," म्हणाली, आणि तिने ते मनगट आईचं जेवण होईपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर रीतच पडली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी बाबांच्या जागी, बाबांच्या ताटात जेवायला बसायची, आणि अर्ध्यावर उठायची. दुपारी पूर्णिमा न जेवताच ताट जेवल्यासारखं करून ठेवायची, भाकर दाताने कुरतडून, रस्सा कडेला फासून, ताटाशी मिठाची चिमूट. त्या कलेत ती माझ्यापेक्षा किती तरी सरस निघाली. डॉक्टरांच्या कागदावरचं सगळं आता त्या उष्ट्यात जायला लागलं. भाजीत कुस्करलेलं अंडं, वरणात तुपाची धार, भाकरीच्या पिठात दूध. भाऊला वाटलं हे आपणही करू शकतो. एका रविवारी तो ऐटीत बसला, आणि बापाचाच पोरगा तो, शेवटच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून उठला. आई त्या रिकाम्या ताटापुढे जाऊन बसली. ती नाराज दिसली नाही, उलट अगदी ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखी दिसली. टोपल्यातली एक कोरडी भाकर तिने घेतली, ताटाच्या कडेला लागलेला रस्सा तिला लावला आणि चावत राहिली. भाऊ उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "आई रोज असंच जेवे का?"

मी म्हटलं, आपण दोघंही याच घरात होतो.

महिना भरला. आम्ही पुन्हा काट्याशी गेलो. आई पस्तीस किलोच्या वर भरली, थोडीशीच, पण वर. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "अरे वाह, क्या किया?" पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, सरकारी शिक्का धरणारी बाई. मी म्हटलं, "आपने जो लिखा था, वही सर." नळीचं पुढे कोणी नाव काढलं नाही. त्या म्हातारीच्या खोलीवरून जाताना मी आईचा हात घट्ट धरला होता आणि ती म्हणत होती, हळू चाल, भोंगा व्हाचा हाये अजून.

खरं तर हे प्रकरण इथे संपवलं असतं तर माझ्या बाजूने बरं दिसलं असतं. पण नंतरच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर ओट्यावर काकू आणि आई बसल्या होत्या. काकूंनी आईचा दंड चाचपून पाहिला, म्हणाल्या, "तब्येत भरली व तुई, बेबीची आई. पोरगी चांगलं पाहते." मी दारातच थांबले. चपला काढायची विसरले. चार महिन्यांत माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं नव्हतं. आई काय म्हणते ते मला ऐकायचं होतं, आणि मला वाटतं तिने होय म्हणावं एवढंच मी मागत होते.

आई म्हणाली, "पोट्टीचं काय, ते तं भांडत राहते दिवसभर." मग जरा वाकून, पदर तोंडाशी धरून, नव्या नवरीने सांगावं तसं काकूंना सांगायला लागली. "आता थे लई सुधरले, बाई. आधी एक घास मांगं ठेवत नोते. मी कोरडीच खाव. आता अर्धी भाकर ठेवतात. भाजी ठेवतात. परवा तं तूप ठेवलं. इतक्या वर्सानं त्यायले माही याद येऊन राहिली."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मला आई गं म्हणून ओरडावंसं वाटलं. ठेवणारी ती मी आहे. ते तूप मी ठेवलं, माझ्या वाटणीचं. त्या माणसाने चाळीस वर्षं तुझ्यासाठी ताटात काही सोडलं नाही आणि तू एवढी लाजून त्याचं कौतुक सांगतेस. सगळं ओठावर आलं होतं. खरं बोलून बोलून मी तिला चार वेळा विधवा केलं होतं, पाचवी वेळ माझ्याच्याने होईना. मी चपला काढल्या, आत गेले, हातपाय धुतले.

पूर्णिमाने ताट वाढून ठेवलं होतं. मी भिंतीला पाठ टेकून दाराकडे तोंड करून बसले. भाजी आणखी एक डाव मागून घेतली आणि तीन घास खाऊन उठले. आई येऊन बसली. ताटाकडे पाहून तिचा चेहरा असा फुलला की मी मान फिरवली. त्या संध्याकाळी मी उपाशीच होते, आणि नाव पुन्हा त्यांचंच झालं.